वाऱ्याकडे तोंड

७ नोव्हेंबर १९५४, रविवार

आज मोटारसायकल घरी आली. बायको, क्लॅरिस, ओट्यावर उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "हे काय, लढाई परत चालू झाली काय?" गाडी लष्कराची आहे, लढाई संपल्यावर भंगारात निघालेली. खाकी रंगावर कुणीतरी काळा रंग फासलाय आणि त्याचेही पोपडे सुटतायत. डाव्या अंगाला साइडकार आहे, म्हणजे एका माणसाला पाय लांब करून बसता येईल असा पत्र्याचा डबा. मला खरं तर तो डबाच हवा होता. मोटारसायकल त्याला जोडलेली होती म्हणून आली.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या माझं मलाच वेड लागल्यासारखं वाटलं तर हे पान वाचता येईल. डोरोथीचं लग्न ठरलं आहे, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, मरोळच्या बेसिलशी. आमच्या वाकोल्यात नवरी घरून चर्चला मिरवत जाते. पुढे बँड, मागे बापाच्या हाताला धरून नवरी, तिच्या मागे सगळा गाव. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं दाटीवाटीने बघत असतात. आणि माझ्या पोरीचा डावा पाय लहानपणीच्या तापाने बारीक आणि आखूड राहिलेला. चालते ती. घरात, परसात, शिवणाच्या क्लासलासुद्धा आपली आपण जाते. पण चालताना एका बाजूला झुकते.

लहान असताना माझ्या भावाच्या लग्नात ती फुलं घेऊन नवरीपुढे चालली होती. रस्त्यावरची पोरं तिच्या मागे तिच्यासारखीच झुकत चालायला लागली आणि मोठी माणसं तोंडावर हात ठेवून हसली. मी तिला उचलली, खांद्यावर घेतली आणि तडक घरी आणली. तेव्हापासून तिला कुठल्याही वरातीत चालू दिलेली नाही. आधी खांद्यावर नेली, मग सायकलच्या कॅरियरवर. आता लग्नात ती मोटारीच्या काचेआड लपून जाणार नाही आणि लोकांच्या नजरेखाली लंगडत जाणारही नाही. उघड्या डब्यात राणीसारखी बसून बँडच्या मागून जाईल. हे सांगितलं तेव्हा डोरोथी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "पप्पा, हिच्यात काय काय असतं ते मला पण दाखवाल?" म्हणजे खूश आहे.

१४ नोव्हेंबर

आज इंजिन पुसलं. पुसता पुसता हात थांबला. मी विमानतळावर स्टोअरकीपर आहे, यंत्रांचे भाग रोज हातातून जातात, पण ते डब्यातले, कागदात गुंडाळलेले. जिवंत इंजिन असं मांडीशी घेऊन कधी बसलो नव्हतो. एवढीशी लोखंडी नळी, तिच्या आत क्षणाक्षणाला आग भडकते, आणि बाहेर आपण आरामात बसलेलो. मोटारीत ती आग थंड ठेवायला पाणी फिरतं. हिच्यात पाणीबिणी काही नाही. नळीभोवती लोखंडाच्या पातळ पट्ट्या आहेत, एकीवर एक, मध्ये बोटभरही जागा नाही. त्यांच्यातून वारा जातो आणि उष्णता घेऊन जातो. बस्स. देवाचा फुकटचा वारा.

हे मला मधुकरने समजावलं. मधुकर आमच्याच विमानतळावर इंजिनांच्या शेडमध्ये आहे, घाटकोपरहून येतो, माणूस झकास पण तोंडाचा फटकळ. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरातीत गाडी किती वेगाने जाणार?"

मी म्हटलं, "बँडच्या. म्हणजे माणसाच्या चालीने. आमचा बँडमास्तर तर घर आलं की थांबून वाजवतो."

"मग वाट लागली. अरे बॅप्टिस्ट, ही गाडी धावली तरच हिला वारा. हळू चाललास की आग तेवढीच आणि वारा शून्य. चर्चच्या आधीच तुझं इंजिन तापून जाम होईल, आणि नवरी रस्त्याच्या मधोमध बसेल डब्यात, सगळा गाव बघतोय!"

तेवढंच चित्र आता डोळ्यांपुढून हलत नाही.

२१ नोव्हेंबर

गाडी चालवायला जमू लागली. डोरोथी रोज संध्याकाळी डब्यात बसते आणि प्रश्न विचारून भंडावते. हा दांडा कशाचा, ही तार कुठे जाते. आज तिला एक गंमत दाखवली. टाकीखाली डाव्या बाजूला पेट्रोलचा छोटा पितळी टॅप आहे. तो बंद केला तरी गाडी लगेच थांबत नाही, खालच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर थोडी जाते. मी येताना गावच्या क्रुसापाशी टॅप बंद केला आणि इंजिन बरोबर आमच्या दारात आपोआप गप्प झालं. डोरोथीने टाळ्या वाजवल्या. लगेच म्हणाली, "परत एकदा, पप्पा." परत क्रुसापर्यंत गेलो, परत तसंच. आता रोज हेच करतो. टॅप बंद करायचा हात न सांगता जातो.

तिला इंजिनाची भीती वाटत नाही याचं मला नवल वाटतं. मला अजून वाटते.

२८ नोव्हेंबर

आज अब्रू गेली, आणि तीही अंधेरीच्या फाटकात.

डोरोथीच्या झग्याला इंजिनाची धग लागू नये, तेलाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून मी गेल्या आठवड्यात इंजिनाच्या डाव्या अंगाला चांगला जाड पत्रा ठोकून घेतला होता. अगदी टाकीपासून खालपर्यंत. वरून पांढरा रंग. स्वतःवरच खूश होतो. आज तिला घेऊन झग्याचं कापड बघायला अंधेरीला गेलो. फाटक बंद. पुढे गवताच्या बैलगाड्या, मागे टांगे, मध्येच तबेल्याच्या म्हशी शिरलेल्या. मालगाडी काही संपेना. इंजिन चालूच ठेवलं, कारण परत सुरू होईल की नाही याची खात्री नव्हती. हळूहळू आवाज बदलला. आतून कुणी हातोडीने मारतंय असा टकटक आवाज यायला लागला, रंग जळल्याचा वास आला, आणि मग एक आचका देऊन गाडी मेली.

फाटक उघडलं. मागून शिव्या सुरू झाल्या. भाजीवाली बाई पाण्याची कळशी घेऊन धावत आली, "वता यावर, वता!" मी कळशी घेणार तोच डोरोथीने डब्यातून हात लांब करून ती घट्ट धरली. "मावशी, नको. तापलेलं लोखंड तडकेल." एवढ्या गर्दीत, एवढ्या शांतपणे. मग आम्ही बाजूला बसून राहिलो. मी लाजेने मान वर केली नाही. डोरोथी मात्र बाईशी शेपूच्या भावाबद्दल बोलत होती. मग उतरून पलीकडच्या दुकानात गेली आणि कापड बघून आली. मी म्हटलं, "तू कशाला चालत गेलीस, मी आलो असतो ना." 

५ डिसेंबर

मधुकर घाटकोपरहून मुद्दाम आला. पांढरा पत्रा बघून कपाळाला हात लावला. "अरे, हे काय केलंस? वाऱ्याची वाटच बुजवलीस यार. इंजिनाला गोधडी पांघरलीस आणि वर विचारतोस तापतं का!"

मी म्हटलं, "मी पोरीच्या कपड्यासाठी केलं."

"कपडा वाचेल, इंजिन मरेल."

डोरोथी पान्हा घेऊन आधीच खाली बसली होती. तिनेच बोल्ट सोडवले. पत्रा निघाल्यावर पट्ट्या मोकळ्या झाल्या, तेव्हा त्यांच्यावरून हात फिरवून म्हणाली, "पप्पा, झाकून ठेवलं म्हणूनच तापलं ना?" मी म्हटलं, "हो गं बाय, मी काय इंजिनियर आहे?" ती हसली, पण माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. पोरगी लग्न होऊन जाणार म्हणून तिलाही भरून येत असणार. मलाही येतं.

१२ डिसेंबर

आज जे बघितलं ते जन्मभर विसरणार नाही. खरं तर वर्षानुवर्षं रोज बघतोय, पण डोळे आज उघडले.

जेवणाच्या सुट्टीत मधुकरने मला धावपट्टीच्या कडेला नेलं. एक डकोटा उभं होतं. "आता बघ," तो म्हणाला. वैमानिकाने विमान हळूहळू वळवलं, अगदी सावकाश, आणि नाक पश्चिमेला केलं. मग दोन्ही इंजिनं मोठ्याने चालवून बघितली. कान फाटायची वेळ. गवत झोपलं, माझी टोपी उडाली. मधुकर माझ्या कानात ओरडला, "याची इंजिनं पण तुझ्या गाडीसारखीच! पाणी नाय, नुसत्या पट्ट्या! जमिनीवर उभं असताना तापतात म्हणून वाऱ्याकडे तोंड करतात!"

मी तसाच उभा राहिलो. एवढं मोठं विमान, माणसं घेऊन समुद्रापार जाणारं, आणि उडायच्या आधी ते नुसतं तोंड वळवून वारा मागतं. त्यात कमीपणा काही नाही. मला का कुणास ठाऊक, चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर वाटतं तसं वाटलं. मधुकरला सांगितलं असतं तर हसला असता.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमचं घर गावाच्या पूर्वेला, चर्च पश्चिमेला. दुपार कलली की वाकोल्यात समुद्रावरचा वारा सुटतो तो थेट तोंडावर. म्हणजे वरात दुपारनंतर निघाली तर सगळा रस्ता वाऱ्याकडे तोंड!

१९ डिसेंबर

फादरना भेटलो. लग्न सकाळऐवजी संध्याकाळी ठेवता येईल का विचारलं. त्यांनी कारण विचारलं. मी वाऱ्याचं, पट्ट्यांचं, डकोटाचं सगळं सांगितलं. फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बॅप्टिस्ट, लग्न पोरीचं आहे की इंजिनाचं?" मी म्हटलं, "फादर, इंजिन तापलं तर पोरीचं हसं होईल." ते म्हणाले, "डोरोथीला विचारलंस?" मी म्हटलं, "तिला काय विचारायचं, तिच्यासाठीच तर चाललंय." फादरनी मान हलवली, पण वेळ दिली. पाच वाजता.

घरी क्लॅरिसने ऐकलं आणि कणीक मळायची थांबली. "आता तुमी वाऱ्यालाही आमंत्रण देऊन या," म्हणाली.

२६ डिसेंबर

ख्रिसमसचं जेवायला बेसिल आला होता. अंधेरीला छापखान्यात कामाला आहे, बोलतो कमी. मी त्याला गाडी दाखवली, सगळी योजना सांगितली. स्पार्कचा दांडा कसा ठेवायचा, पेट्रोल थोडं जास्त सोडलं की इंजिन कसं थंड राहतं, तेल जाड घातलंय, बँडमास्तरला दारोदार थांबू नकोस म्हणून बजावलंय. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण मी डोरोथीला पहिल्यांदा बघितली ती चालतानाच ना. शिवणाच्या क्लासवरून येत होती."

मी म्हटलं, "तो वेगळा भाग. ही वरात आहे."

"हां," म्हणाला आणि तळलेल्या फुग्यांची बशी स्वतःकडे ओढली. चांगला मुलगा आहे, पण यंत्राची आवड दिसत नाही.

९ जानेवारी १९५५

रंगीत तालीम. क्लॅरिस छत्री उघडून पुढे बँडसारखी चालली, तोंडाने ताल धरून, मागे मी आणि डब्यात डोरोथी. शेजारीपाजारी ओट्यावर येऊन हसत होते, पण ते हसणं चांगलं होतं. वारा तोंडावर होता. इंजिन घरापासून चर्चपर्यंत जराही कुरकुरलं नाही. चर्चच्या दारात पोचल्यावर पट्ट्यांजवळ तळहात धरला. गरम, पण भाकरीच्या तव्याइतकंही नाही. मला इतका आनंद झाला की क्लॅरिसला मिठी मारली, रस्त्यात. ती लाजली आणि छत्रीने मारलं.

डोरोथी म्हणाली, "म्हणजे आता ती थांबणारच नाही, पप्पा?" मी म्हटलं, "अजिबात नाही!" ती डब्यात मागे रेलून वर बघत बसली.

१६ जानेवारी

गेल्या रविवारचा आनंद वाया गेला. पुन्हा तालीम घेतली आणि इंजिन विहिरीपाशी मेलं. विहीर म्हणजे क्रूस आणि चर्च यांच्या मधोमध. ना टकटक, ना वास. दोन-तीन आचके आणि गप्प. मी लाथा मारून मारून घामाघूम झालो. सुरू होईना. नक्की तापलंच, पण आतल्या आत.

डोरोथीला वाईट वाटेल म्हणून तिच्याकडे बघायचीही हिंमत होईना. पण ती उतरली. "तुम्ही बसा पप्पा, थंड होऊ द्या. इथून चर्च किती लांब पडतं ते बघून येते." आणि निघाली. मी हाक मारली तरी वळली नाही. रस्ता जवळजवळ मोकळा होता. एकटीच चर्चच्या पायरीपर्यंत गेली, पायरीला हात लावला आणि परत आली. तोंड लाल, केस उडालेले. पुन्हा डब्यात बसली, पुढे वाकून काहीतरी ठीकठाक केलं आणि म्हणाली, "आता मारा." पहिल्याच लाथेला सुरू! म्हणजे थंड व्हायला तेवढाच वेळ हवा होता.

घरी येताना पोरगी गाणं गुणगुणत होती. माझं मन राखायला.

२० जानेवारी

मधुकरने प्लग काढून उजेडात धरला. "बदामी रंग आहे, बघ. तापलेल्या इंजिनाचा प्लग पांढराफटक पडतो. हे इंजिन तापलंच नव्हतं."

"मग मेलं का?"

"मला काय ठाऊक? गाडीला विचार."

तेल बदललं, वाटी साफ केली, तारा तपासल्या. दोष काही सापडला नाही. दोष सापडत नाही यासारखी वाईट गोष्ट नाही. जेवण जात नाही. एक विनंती केली आहे देवाला: इंजिनाचं पुढे काय वाटेल ते कर, पण त्या दिवशी चर्चच्या दारापर्यंत पोचू दे. माझ्या पोरीला कुणी हसू नये.

३१ जानेवारी, सोमवार

काल लिहायला वेळ नव्हता. आज नीट लिहितो, जसं झालं तसं.

आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी घेऊन आल्या, त्या पाण्याने सकाळी डोरोथीला न्हाऊ घातलं. दुपारी बायकांनी गाडी सजवली. मी पहारा देत उभा, कारण त्यांना इंजिनावरही आसोपालवाची पानं आणि कागदी झालर लावायची होती. "पट्ट्या झाकायच्या नाहीत!" मी ओरडत होतो. शेवटी टाकीवर एक मोठं कागदी गुलाबाचं फूल बांधून द्यावं लागलं. तेवढ्यावर तह झाला.

पाचला थोडा अवकाश असताना वारा सुटला. मी ओट्यावर उभा राहून तो तोंडावर घेतला आणि देवाचे आभार मानले. डोरोथी बाहेर आली. पांढरा झगा, पांढरे हातमोजे, डोक्यावर जाळी.  तिला डब्यात बसवली, लाथ मारली, इंजिन सुरू झालं. बँड वाजायला लागला. निघालो.

गाव लोटला होता. ओटे, गच्च्या, कुंपणं, सगळीकडे माणसं. मी डोळे बँडमास्तरच्या पाठीवर ठेवले आणि कान इंजिनावर. आवाज एकसारखा. वारा समोरून. क्रुसापाशी आलो तेव्हा डोरोथी पुढे वाकली, टाकीवरचं गुलाबाचं फूल तिरकं झालं होतं ते तिने सरळ केलं. बाकी सगळं सुरळीत होतं.

आणि विहिरीपाशी आचका. मग दुसरा. मग शांतता. बँडला कळलंच नाही, ते पुढे जात राहिले आणि आमच्यामध्ये रिकामा रस्ता वाढत गेला.  सगळा गाव बघत होता. मला भावाच्या लग्नातली ती पोरं दिसली, तोंडावर हात ठेवलेली माणसं दिसली. मी लाथ मारायला पाय उचलला.

"पप्पा," डोरोथी म्हणाली, "तापलेल्या इंजिनाला लाथ मारायची नाही. तुम्हीच सांगता ना."

"बाय, एक मिनिट थांब, मी काहीतरी करतो..."

"काही करू नका. हात द्या."

ती आपली आपण उतरली. झगा गोळा केला, जाळी मागे टाकली आणि माझा हात धरला. मी तिला उचलायला वाकलो. खरंच, लग्नाच्या झग्यातल्या पोरीला मी उचलणार होतो. तिने माझ्या दंडावर हात ठेवून मला सरळ केलं. "चालत," ती म्हणाली.

आणि आम्ही चाललो. ती झुकत होती, जशी झुकते तशीच. लपवत नव्हती. एक पाऊल, मग झोक, मग दुसरं. मी आधी तिला सावरायला बघत होतो, पण तिला सावरायची गरज नव्हती, मलाच पाय कुठे पडतायत ते कळत नव्हतं. बँडमास्तरने मागे वळून बघितलं. त्याचं वाजवणं थांबलं. सगळा रस्ता गप्प. इतका गप्प की तिच्या बुटाचा आवाज ऐकू येत होता, एक जड, एक हलका. मग डोरोथीने त्याला हाताने खूण केली, वाजव. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि हळू चाल धरली, अगदी तिच्या पावलाची. एक लांब, एक आखूड. ढोलवाल्यानेही तीच धरली. मी कितीतरी वराती बघितल्या, पण असा बँड कधी ऐकला नव्हता.

कुणी हसलं नाही. माझं लक्ष तिकडेच होतं, म्हणून खात्रीने लिहितो. म्हाताऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मुलं कुंपणावरून उतरली आणि बाजूला झाली. मागे क्लॅरिस हमसून रडत होती ते मला ऐकू येत होतं. समोरून वारा येत होता आणि डोरोथीची जाळी मागे उडत होती. तो वारा मी इंजिनासाठी मागितला होता. ती डोळे बारीक करून, तोंड वर करून त्याच्यात चालली होती, आणि तिच्याकडे बघून माझ्या छातीत जे झालं ते डकोटा बघतानाही झालं नव्हतं. ही पोरगी माझ्या घरात वाढली आणि मी तिला असं चालताना बघितलंच नव्हतं.

चर्चच्या दारात बेसिल उभा होता. तो काही चकित झालेला दिसला नाही. तिचा हात त्याच्या हातात देताना बघितलं, हातमोज्याच्या बोटांना काळं तेल लागलं होतं. माझ्या हाताचंच. लग्नाच्या दिवशीसुद्धा मला हात नीट धुता येत नाहीत.

१ फेब्रुवारी

विहिरीपाशी सोडलेली गाडी आज आणली. इंजिन थंडगार. लाथा मारल्या, सुरू होईना. मग बघतो तर पेट्रोलचा टॅप बंद. क्रुसापाशी टॅप बंद करायची रोजची सवय, लग्नाच्या दिवशीही हात गेलाच असणार. वय झालं. एवढा वारा, एवढं तेल, फादरची वेळ बदलली, आणि शेवटी मीच स्वतःच्या हाताने घोटाळा केला! क्लॅरिसला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हां, तुमचाच हात असणार," आणि आत गेली. टॅप उघडला, पहिल्या लाथेला सुरू.

१३ फेब्रुवारी, रविवार

डोरोथी आणि बेसिल जेवायला आले होते. गाडी मी गेल्या आठवड्यातच त्यांना देऊन टाकली, मला आता ती कशाला? डोरोथीने आठवडाभर बेसिलला शिकवलंय म्हणे. संध्याकाळी ती आईपाशी थांबली आणि बेसिल म्हणाला, "चला पप्पा, तुम्ही बघा मला जमतं का." तो बसला सीटवर, मी डब्यात.

मी त्या डब्यात आजवर कधी बसलो नव्हतो. बसल्यावर सगळं वेगळं दिसतं. माणूस खाली जातो, रस्ता जवळ येतो, ओट्यावरची माणसं वरून बघतात. बघणारे सगळे उभे आणि आपण एकटेच बसलेले. मी दोन्ही बाजूंना बघून मान हलवत राहिलो, पण बरं वाटेना. उतरून चालावंसं वाटलं. डोरोथी माझ्यामुळे इथे किती वेळा बसली, आणि मी तिला कधी विचारलं नाही की इथून कसं दिसतं.

क्रूस आला. सहज उजवा हात पुढे गेला, आणि पितळी टॅप बोटांना लागला. वाकावंही फारसं लागलं नाही. बेसिलच्या गुडघ्याच्या पुढे, टाकीच्या खाली, अगदी हाताशी. टाकीवर कागदी गुलाबाची तार अजून तशीच होती. मी हात मागे घेतला. बोटांना काळं तेल लागलं होतं.

मी ते बघितलं. बेसिल काहीतरी बोलत होता, मला ऐकू आलं नाही. फाटकातली कळशी आठवली, पायरीला हात लावून आलेली पोरगी आठवली, "म्हणजे आता ती थांबणारच नाही?" आठवलं. मग मी पुन्हा हात पुढे केला आणि टॅप बंद केला.

विहिरीपाशी आचका आला. बेसिल गोंधळला, लाथ मारायला उठला. "पप्पा, तापली वाटतं."

"असेल," मी म्हटलं. "राहू दे तिला. मला हात दे, इथून चर्चपर्यंत आपण चालत जाऊ."